हरळीची जागा
लेखांक सातवा

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या आदल्या रात्री डिलाईल रोडवरील आमच्या चाळीच्या सज्जात सतरंजी अंथरून बायकामुले दूर्वा निवडावयास बसतात, आणि दादरच्या फुलबाजारातून आणलेल्या हिरव्या भाऱ्यातील कोवळ्या, तीन पात्यांच्या शेंड्या खुडून एकवीस-एकवीसांच्या जुड्या बांधून झाल्या, की सतरंजीच्या कडेला टाकाऊ काड्यांचा एक लहानसा ढीग उरतो. त्यातली एखादी लांब काडी उचलून दिव्याखाली धरावी. ती तांबूस असते, सुतळीसारखी चिवट असते, दोन-तीन बोटांच्या अंतरावर तिला पेर असते आणि प्रत्येक पेराला वरच्या अंगाने पात्यांचा झुबका व खालच्या अंगाने, मातीची गाठ पडण्यापूर्वीच बाहेर डोकावणारे मुळाचे पांढरे टोक असते. दूर्वेला उद्देशून जो वैदिक मंत्र आहे त्यातही ती कांड्याकांड्यांतून वाढत जाते असेच तिचे वर्णन केलेले आहे, आणि ज्या कोणी ते प्रथम केले त्याने ही काडी माझ्याइतक्याच जवळून पाहिली असली पाहिजे.

गेल्या वर्षी त्या ढिगाशी माण तालुक्याकडील एक वृद्ध शेजारी येऊन बसले होते. सारी हयात गिरणीच्या साचे खात्यात घालवलेल्या या गृहस्थांना अवघी चाळ आबा म्हणते. त्यांनी एक काडी बोटाला गुंडाळली, ओढून पाहिली आणि म्हणाले, "देवाला ही गोड, मास्तर, पर माज्या बाचं कंबरडं हिनंच मोडलं. आमच्याकडं हिला हरळी म्हंत्यात." शहरात पूजेच्या तबकात बसणारी दूर्वा आणि देशावरच्या कुणब्याला रडविणारी हरळी या दोन वनस्पती नसून एकच आहे, हे डिलाईल रोडच्या पुष्कळ तरुण मंडळींना त्या रात्री प्रथमच समजले.

आबांच्या वडिलांची तक्रार खोटी नव्हती. हरळीचे एक खोड जमिनीवरून धावते आणि दुसरे जमिनीच्या पोटातून सुईसारखे टोक पुढे करून सरकते. तिच्यावरून कुळव फिरविला की तिचे तुकडे होतात व जितके पेर तितकी नवी रोपे उभी राहतात, त्यामुळे वरवरची मशागत ही तिची लावणीच ठरते. काळ्या रानात तिच्या जोडीला कुंदा असतो, आणि त्याची मुळे तर याहूनही खोल जातात. जुन्या काळी अशा रानाला चार-चार बैलजोड्यांचा नांगर घालावा लागे, किंवा उन्हाळ्यात माणसे लावून ढेकूळ न् ढेकूळ उलथून मुळ्या वेचून उन्हात टाकाव्या लागत. 1910 साली वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगराने दख्खनच्या शेतकऱ्याच्या मनात जे घर केले, त्याचे एक कारण हे बारमाही गवतच होते. लाकडी नांगराला न जुमानणारी मुळी लोखंडी फाळ उलटी करून उन्हात टाकू शके. हरळी लागलेले रान म्हणजे दरिद्री रान, हा समज दोन-तीन पिढ्यांच्या घामातून तयार झालेला आहे, आणि त्याची अवहेलना करून या विषयावर काही लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

तथापि त्या रात्री ढिगातल्या दोन काड्या मी ठेवून घेतल्या. आमच्या सज्जाच्या टोकाला, जेथे कौलांवरच्या पागोळ्या थेट पडतात तेथे, गोडेतेलाचे दोन रिकामे डबे कापून ठेवले, दोन्हींत आबांनी गावाहून आणविलेली एकाच शेतातील माती भरली, एका डब्यात त्या काड्या पुरल्या आणि दुसरा तसाच मोकळा राखला. यंदा जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर सकाळी पाहिले, तो मोकळ्या डब्यामागची चुन्याची भिंत कमरेइतक्या उंचीपर्यंत चिखलाच्या शिंतोड्यांनी भरून गेलेली होती, आणि हरळीच्या डब्यामागची भिंत जशीच्या तशी पांढरी होती. मोकळ्या डब्यातील मातीवर साय धरावी तसा गुळगुळीत थर बसला होता व त्यावर पाणी तुंबले होते. हरळीच्या डब्यातले पाणी खाली मुरून तळाच्या भोकातून जवळजवळ निवळ बाहेर पडत होते. श्रावणात तो डबा मी उलटा केला, तेव्हा आतली माती डब्याच्याच आकाराची, चौकोनी, सबंध बाहेर आली. बोटांनी ती फोडण्याचा प्रयत्न केला, पण मुळ्यांनी तिला असे काही विणून टाकले होते, की आबांनी ती हातात घेऊन "पोत बरा आलाय" एवढेच उद्गार काढले, आणि साचेवाल्याच्या तोंडून निघालेल्या त्या शब्दाहून अधिक नेमका शब्द मला आजवर सापडलेला नाही.

गेल्या लेखांकात उघड्या जमिनीवर आदळणाऱ्या थेंबाची हकिगत सांगितली होती, तिचे हे प्रात्यक्षिक. थेंब ढेकूळ फोडतो, फुटलेले बारीक कण मातीची छिद्रे बुजवितात, पाणी मुरावयाचे थांबून वाहू लागते आणि वाहताना तेच कण बरोबर नेते. माण, खटाव, सांगोले, मंगळवेढे, करमाळे या रब्बी ज्वारीच्या मुलखात ही आपत्ती दुप्पट होते, कारण तेथील शेतकरी पावसाळाभर जमीन मुद्दाम मोकळी ठेवतो. जूनपासून कुळवाच्या पाळ्या घालून तण मारावयाचे, पाणी जमिनीच्या पोटात साठवावयाचे आणि पावसाळ्याच्या अखेरीस पेरावयाचे, अशी ती शेकडो वर्षांची रीत आहे, आणि जेथे वर्षाकाठी जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो तेथे ती शहाणपणाचीच आहे. परंतु त्या मुलखातला मोठा पाऊस बहुधा भाद्रपदात येतो, आणि तो येतो तेव्हा रान अगदी उघडे, भुसभुशीत, वाहून जाण्यास सिद्ध असे पडलेले असते.

मग त्या रानात सर्वत्र बारमाही गवत लावावे काय? तसे करणारा ज्वारीस मुकेल. बारमाही गवताचे मूळ वर्षभर जिवंत असते, म्हणजे वर्षभर ते पाणी पिते. पाण्याचा जो साठा कुणब्याने कुळवाच्या पाळ्यांनी राखला, तो ज्वारी पेरण्यापूर्वीच गवताने संपवलेला असेल. अमेरिकेतील आयोवा राज्यात मक्याच्या दोन ओळींमध्ये कायमचे गवत राखण्याचे प्रयोग चालू आहेत, आणि तेथेही, आपल्याहून कितीतरी अधिक पाऊस असताना, पेरणीच्या सुमारास गवताला आवर घातला नाही तर मक्याचे उत्पन्न घटते, असाच अनुभव येतो. आबांच्या वडिलांचा अनुभव याहून निराळा नव्हता. पिकाच्या पोटात हरळी वैरी आहे. तिला जागा द्यावयाची ती पिकाच्या कडेला, उताराला आडवी, आणि ही जागा आपल्या शेतात पूर्वीपासून आहे. तिला आपण बांध म्हणतो.

बांधाची कथा सरकारी दफ्तरात मोठी आहे. मुंबई इलाख्यात 1942 साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला व समपातळी बांधबंदिस्तीला कायद्याचे बळ मिळाले, पुढे तगाईच्या रकमा वाटल्या गेल्या, आणि 1972च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर लक्षावधी हातांनी मातीचे बांध घातले. माझ्या परिचयाच्या कित्येक कुटुंबांतील आयाबहिणींच्या डोक्यावरच्या पाट्यांतून ती माती गेलेली आहे, यास्तव त्या कामाविषयी मी आदरानेच लिहितो. परंतु काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात तडकतो, पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी त्या तड्यांतून वाट काढते, आणि एका जागी बांध फुटला की वरच्या बाजूला अडलेले सारे पाणी तेथूनच घळ पाडीत निघून जाते. बांध घातला गेला, त्याचे माप पुस्तकात चढले, मजुरी चुकती झाली, पण त्यावर गवत लावणे आणि ते राखणे हे काम बहुतेक ठिकाणी कोणाच्याच अंगावर टाकले गेले नाही. ही त्या साऱ्या खटाटोपातील सर्वांत मोठी उणीव होय, असे माझे ठाम मत आहे. गवतावाचूनचा बांध हा केवळ मातीचा ढीग असतो, आणि माझ्या मोकळ्या डब्याने मातीच्या ढिगाचे काय होते ते दाखविलेच आहे.

त्यात भर पडते ती माणसाच्या हव्यासाची. सातबाऱ्यावर ज्या जमिनीला आकार नाही ती पोटखराबा म्हणून लिहिली जाते, आणि या एका शब्दाने गवताच्या जमिनीविषयीची आपली दृष्टी किती कलुषित झाली आहे याचा हिशेब कोणी केलेला नाही. शेजाऱ्याने दरसाल नांगराचे एक तास बांधाला अधिक घासून घ्यावे, पाच वर्षांत दोन हातांचा बांध वीतभर उरावा, मग मोजणी, मग फिर्याद, मग दिवाणी दावा. बांध कोरण्यावरून भाऊबंदकीचे कज्जे चालले नाहीत असे गाव दाखविणे कठीण आहे. कोर्टात हद्दीचा निकाल लागतो, पण गवताची जी मुळी कोरली गेली तिची नुकसानभरपाई कोणत्याही हुकूमनाम्यात लिहिलेली नसते.

बांधावर कोणते गवत लावावे, याचे उत्तर आपल्याकडे फार पूर्वीपासून शोधले गेले आहे. पुण्याजवळ भांबुर्डे येथे, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, बर्न्स, कुलकर्णी आणि गोडबोले यांनी दख्खनच्या गवतांचा बारकाईने अभ्यास करून तो 1925 साली प्रसिद्ध केला. चराई बेसुमार झाली की पवन्या, मारवेल यांसारखी बारमाही, जनावराला गोड लागणारी गवते मागे हटतात आणि कुसळांची गवते रान बळकावतात, हे डोळसपणे हिंडणाऱ्या कोणाही धनगराला ठाऊक असते. मारवेल मला बांधासाठी विशेष गुणी वाटते. ते कांड्यांनी पसरते, कापले की पुन्हा फुटते, दुभत्या जनावराला मानवते, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याच्या सुधारलेल्या जातीही दिल्या आहेत. वाळ्याची महती निराळी आहे. ज्याच्या ताट्या उन्हाळ्यात पाणी मारून दारांना लावतात आणि ज्याची जुडी माठात टाकतात, त्या वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली दहा फुटांपर्यंत जातात, म्हणून शेजारच्या पिकाशी त्याचे भांडण कमी. कर्नाटकात गुंडलुपेटकडील शेतकरी पिढ्यानुपिढ्या त्याची हद्दीची कुंपणे राखीत आले, आणि 1980 नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी तीच रीत जगभर नेली. मात्र वाळ्याचे जून पान जनावर तोंडात धरीत नाही, आणि मुळांच्या पैशासाठी तो खणून काढला तर बांधच खणला जातो. ज्या घरी दावणीला गाय आहे त्या घरी मारवेलच टिकेल, कारण बांधावरचे गवत कापून आणणारी घरची बाई ज्या गवताला जपते तेच गवत राहते.

आयोवातील ज्या प्रयोगाने मला सर्वाधिक आनंद दिला तो मक्याच्या ओळींतला नसून पट्ट्यांचा आहे. 2007 पासून चाललेल्या या प्रयोगात मका व सोयाबीनच्या शेतातील अवघे 10 टक्के क्षेत्र तेथील मूळच्या बारमाही गवताफुलांच्या पट्ट्यांना दिले, तेव्हा शेतातून वाहून जाणारी माती सुमारे 95 टक्क्यांनी कमी झाली. दहा पायल्यांच्या रानात एक पायलीची जागा, आणि तीही उताराला आडवी. आपला बांध तर याहूनही अरुंद असतो.

इकडे जवळचे पाहावयाचे तर दादरला कर्जतची गाडी धरून नेरळला उतरावे. तेथे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी कायमचे गादीवाफे करून नांगरणी, चिखलणी आणि लावणी या तिन्ही गोष्टी सोडल्या, व आधीच्या पिकाच्या मुळ्या जमिनीतच कुजू देण्याची पद्धत रूढ केली. त्यात तणनाशकाचा जो आधार घेतला जातो तो मला मनापासून पटत नाही, तथापि मुळी उपटू नये, ती जागच्या जागी जमिनीच्या कामी यावी, हे त्यांचे सूत्र माझ्या डब्यातील मातीशी जुळणारे आहे. चीनमधील युनान प्रांतात तर 2018 साली एक बारमाही भातच शेतकऱ्यांच्या हाती आला. एकदा लावलेल्या रोपांवरून चार वर्षांत आठ पिके निघाल्याचे तेथील प्रयोगांत दिसले आहे. भात हेही अखेर एक गवत आहे, त्याविषयी एक स्वतंत्र लेखांक पुढे यावयाचा आहे.

डिलाईल रोडच्या वाचकांना मात्र आजच एक विनंती करावयाची आहे. आपल्यापैकी पुष्कळांची नावे गावच्या सातबाऱ्यावर अजून आहेत, 1982च्या गिरणी संपानंतर गावी परतलेले भाऊ व पुतणे ती जमीन कसतात, आणि मे महिन्यात आपण गावी गेलो की घरात विचारविनिमय होतो: बांध पेटवून द्यावा, यंत्र लावून साफ करावा, की औषध मारावे? या वेळी त्या चर्चेत आपण तोंड उघडावे. बांध पेटवू देऊ नये, त्यावर तणनाशक मारू देऊ नये. तो उघडा असेल तर पहिला पाऊस मुरल्यावर मारवेलची ठोंबे वितीपेक्षा कमी अंतराने, उताराला आडव्या दोन ओळींत लावावीत, आणि पहिल्या वर्षी जनावर त्यावर सोडू नये, कापूनच घालावे. आबांनी गेल्या ज्येष्ठात आपल्या पुतण्याला ही ठोंबे पाठविली. सत्तर लावली, त्यातली एकसष्ट धरली आहेत.