मानसोपचारतज्ज्ञाची निवड : स्त्री-पुरुषभेदाचा प्रश्न आणि भाषेची साक्ष

मनाच्या व्याधीसाठी साहाय्य घेण्याचे ठरविणाऱ्या व्यक्तीपुढे आरंभीच एक प्रश्न उभा राहतो : ज्याच्याजवळ मन मोकळे करावयाचे, तो पुरुष असावा की स्त्री? पुष्कळदा हा प्रश्न क्षुल्लक किंवा संकोचाचा वाटल्यामुळे विचारलाच जात नाही, आणि हा न बोललेला संकोचच पुढे उपचार अर्ध्यावर सोडण्यास कारण होतो. शरीराच्या दुखण्यात नाडी, रक्त, क्ष-किरणचित्र अशी साधने वैद्याच्या हाताशी असतात. मानसोपचारात भाषण हेच निदानाचे प्रमुख साधन असून उपचाराचेही ते मोठे अंग आहे. ज्याच्यापुढे शब्द फुटत नाही, त्याच्या विद्वत्तेचा रोग्यास उपयोग होत नाही. म्हणून या प्रश्नाचा विचार मानसशास्त्राप्रमाणे भाषेच्या अंगानेही करणे इष्ट आहे.

१. मनोविश्लेषणातील पूर्वानुभव

हा प्रश्न नवा नाही. १९३१ साली स्त्रीच्या लैंगिकतेविषयी लिहिलेल्या निबंधात सिग्मंड फ्रॉइड यांनी असे मान्य केले आहे की, मुलीच्या आईवरील आद्य आसक्तीचा स्तर यान लाम्पल-द ग्रोट, हेलेन डॉइच यांसारख्या स्त्री-विश्लेषकांना अधिक सुलभतेने आणि स्पष्टपणे दिसू शकला. कारण रुग्णाच्या मनात त्या आईची जागा घेऊ शकत होत्या. जुन्या नात्यांतील भावना रुग्णाने नकळत उपचारकावर आरोपित करणे, यास भावसंक्रमण म्हणतात. फ्रॉइड यांच्या कबुलीचा इत्यर्थ असा की, उपचारक कोण आहे यावर रुग्णाच्या मनातील कोणता थर आधी वर येईल हे काही अंशी अवलंबून असते.

परंतु याची दुसरी बाजूही आहे. १९३३-३४ मध्ये अमेरिकन कवयित्री हिल्डा डूलिटल यांचे विश्लेषण व्हिएन्ना येथे फ्रॉइड यांनी केले. भावसंक्रमणात आपणास माता होणे रुचत नाही, असे ते म्हणाल्याची नोंद त्यांनी आपल्या आठवणींत केली आहे. पुरुष-उपचारकही रुग्णाच्या मनात माता होऊ शकतो, हे यावरून दिसते. भावसंक्रमण उपचारकाच्या देहाशी बांधलेले नसते.

२. संशोधनाचे निष्कर्ष

उपचारकाच्या लिंगाचा परिणाम मोजण्याचे प्रयत्न नंतरच्या काळात झाले. २००१ साली बोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण केले, तेव्हा उपचाराच्या फलितावरील हा परिणाम जवळजवळ नगण्य आढळला. याउलट ज्या घटकाचा फलिताशी संबंध पुनःपुन्हा दिसून येतो, तो म्हणजे उपचारक व रुग्ण यांच्यातील सहकार्यबंध. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली याची तीन अंगे सांगितली : उद्दिष्टांविषयी एकमत, करावयाच्या कामांविषयी एकमत आणि परस्परविश्वास. २०१८ साली फ्लूकिगर प्रभृतींनी २९५ अभ्यास एकत्र तपासले असता हा बंध व उपचाराचे फलित यांच्यात स्थिर असा संबंध आढळला.

यावरून लिंगभेदाचा प्रश्न निकालात निघाला असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. सरासरी ही अनेकांची असते. उपचार एकाचा असतो. शिवाय रुग्णाची इच्छा विचारात घेतली असता उपचार मध्येच सोडण्याचे प्रमाण घटते, असेही दिसून आले आहे. तात्पर्य, स्त्री-उपचारक श्रेष्ठ की पुरुष-उपचारक हा प्रश्न निष्फळ होय. अमुक एका रुग्णास कोणापुढे बोलता येते, हा प्रश्न मात्र सार्थ आहे.

३. मराठी भाषेची साक्ष

मराठीत बोलणारास आपले लिंग फार काळ झाकता येत नाही. ‘मी रडलो’ किंवा ‘मी रडले’ यांपैकी एक रूप निवडावेच लागते. परंतु भावनेच्या प्रांतात भाषेचा व्यवहार निराळा आहे. ‘मला भीती वाटते’, ‘मला राग येतो’, ‘मला लाज वाटली’ या वाक्यांत अनुभवणारा चतुर्थीत असतो व क्रियापद भावनेच्या नामानुसार चालते. म्हणून ही वाक्ये पुरुषाच्या व स्त्रीच्या मुखी अगदी सारखीच असतात. ‘मी घाबरलो’, ‘मी घाबरले’ असे अपवाद आहेतच. तथापि चतुर्थीची ही रचना भावनाकथनात फार व्यापक आहे. ज्यांना जन्मतः मिळालेले लिंग आपले वाटत नाही, त्यांच्या बाबतीत ‘गेलो’ की ‘गेले’ ही निवड स्वतःच एक निवेदन असते. ते दुरुस्त करण्याची घाई न करणारा उपचारक त्यांना हवा असतो.

उपचारकाच्या संबोधनातही असाच भेद आहे. ‘तू आलास’, ‘तू आलीस’ यांत लिंग प्रकट होते. ‘तुम्ही आलात’ यात ते लोपते. समोरासमोर आदराने बोलताना उपचारकाचे लिंग व्याकरणात बहुधा दिसत नाही. घरी परतल्यावर मात्र ‘डॉक्टर म्हणाले’ किंवा ‘डॉक्टर म्हणाल्या’ असे सांगावे लागते. पत्नी परपुरुषाजवळ मन मोकळे करते, किंवा मुलगा बाईंपुढे रडतो, ही घरच्यांची कुरबुर या एका क्रियापदापासून सुरू होऊ शकते. संकोच नेहमी रुग्णाचाच असतो असे नाही. कित्येकदा तो घराचा असतो.

खरी अडचण लाक्षणिक शब्दांत असते. स्त्री पाळीस ‘अडचण’ म्हणते, ‘अंगावरून जाते’ म्हणते. पुरुष लैंगिक चिंतेस ‘अशक्तपणा’ किंवा ‘धातू जाणे’ म्हणतो. या शेवटच्या तक्रारीभोवतीच्या लक्षणसमूहास डॉ. न. ना. विग यांनी १९६० साली ‘धात’ या देशी शब्दावरूनच नाव दिले. अशा शब्दांमागील अर्थ समलिंगी उपचारकास लवकर उमगण्याचा संभव असतो. पण ‘म्हणजे नेमके काय होते?’ असे शांतपणे विचारणारा कोणीही तो अर्थ मिळवू शकतो. उलट, ‘आपल्याला ठाऊकच आहे’ असे समजून न विचारणारा समलिंगी उपचारक अधिक चुकू शकतो.

४. निवड कशी करावी

प्रथम पात्रता पाहावी. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकाचा पदवीधर असून औषधे देऊ शकतो. नैदानिक मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक या बिरुदामागील शिक्षण मात्र व्यक्तिपरत्वे पुष्कळ भिन्न असते, म्हणून ते विचारून घ्यावे.

त्यानंतर लिंगाचा विचार करावा, आणि त्यामागील कारण स्वतःशी स्पष्ट करावे. ज्या स्त्रीने पुरुषाकडून अत्याचार सोसला आहे, तिने स्त्री-उपचारक मागणे सर्वथा योग्य होय. त्यासाठी समर्थनाची आवश्यकता नाही. हीच गोष्ट अत्याचार सोसलेल्या पुरुषासही लागू आहे. त्यास कोणापुढे बोलणे सुसह्य वाटेल हे त्यानेच ठरवावे. पुरुषापुढे रडणे कमीपणाचे वाटते म्हणून एखादा पुरुष स्त्री-उपचारक निवडत असेल, तर आरंभासाठी ते ठीकच आहे. पण ती लाजही पुढे उपचाराचा विषय व्हावी. ‘अमुक विषय आपल्यापुढे बोलणे जड जाते’ असे पहिल्या भेटीतच सांगता येते. ते ऐकून उपचारक रुष्ट झाला, तर निवडीस उपयुक्त अशी माहिती तेथेच मिळाली. दोन-तीन भेटींनंतरही जीभ अडत असेल, तर उपचारक बदलावा. उपचार सोडू नये.

जेथे तालुक्यात एकच तज्ज्ञ आहे, तेथे निवडीची भाषा पोकळ वाटते. अशा ठिकाणी १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली १४४१६ या क्रमांकाची ‘टेली-मानस’ सेवा हा एक मार्ग आहे. तिच्यावर मराठीतही बोलता येते. नातलगास दुभाष्या म्हणून आत बसविणे शक्यतो टाळावे, कारण त्याच्यासमोर काही गोष्टी कधीच बोलल्या जात नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने लिंग, लैंगिक कल, जात, धर्म यांवरून भेदभाव न होता सेवा मिळण्याचा हक्क, तसेच गोपनीयतेचा हक्क दिला आहे. उपचारक स्त्री असो वा पुरुष, या दोन हक्कांची जाण ज्याच्या वागण्यात दिसते आणि ज्याच्यापुढे रुग्णास स्वतःच्या शब्दांत बोलता येते, त्याची निवड योग्य समजावी.