माणसांची भिंत

मुलांनो, स्नेहसंमेलनात नाटक बसवायचं ठरलं की पहिली कुरबुर कशावरून होते? राजा कोण होणार यावरून! ज्याच्या वाट्याला भालदाराचं काम येतं, तो आठवडाभर गाल फुगवून बसतो. आज तुम्हाला पुण्याच्या एका नाटकमंडळीची हकिकत सांगते. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या नाटकात कितीतरी नट चक्क भिंत झाले होते!

ते नाटक म्हणजे विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’. पेशवाईत, नाना फडणविसांच्या काळात, घाशीराम हा खरोखरच पुण्याचा कोतवाल होता. कोतवाल म्हणजे शहराच्या बंदोबस्ताचा मुख्य. त्याने फार जुलूम मांडला आणि १७९१ साली चिडलेल्या लोकांनी त्याला ठार केलं. पण तेंडुलकरांना इतिहासाचा धडा द्यायचा नव्हता. सत्ता हातात असलेली माणसं आपल्या सोयीसाठी असे घाशीराम कसे उभे करतात, ते त्यांना दाखवायचं होतं. (नाटक मोठ्यांसाठी आहे बरं का. तुम्ही कॉलेजात गेलात की वाचा.)

‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’, म्हणजेच पीडीए, या संस्थेनं ते बसवलं. पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात झाला. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. नाना झाले मोहन आगाशे आणि घाशीराम रमेश टिळेकर. रंगमंचावर ना महाल, ना रंगवलेले पडदे. दहा-बारा माणसं एका ओळीत उभी राहून गातात, डुलतात. त्यांनी प्रेक्षकांकडे पाठ फिरवली की झाली भिंत! पलीकडे काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. ओळ फुटली की तीच माणसं पुण्याचे रहिवासी होतात, आणि क्षणात पुन्हा भिंत. आता विचार करा, त्यातल्या एकाचा जरी ताल चुकला, तरी अख्खी भिंत ढासळणार. मला विचाराल, तर नानांच्या कामाइतकंच हे काम अवघड.

नाटक गाजू लागलं आणि ओरडही सुरू झाली. यात नाना फडणविसांची बदनामी आहे, एका जातीची बदनामी आहे, असं अनेकांचं म्हणणं होतं. अवघ्या १९ प्रयोगांनंतर संस्थेचे अध्यक्ष भालबा केळकर यांनी नाटक थांबवलं. भालबांना लगेच दुष्ट ठरवू नका हं! १९५१ साली पीडीए सुरू झाली तीच त्यांच्या पुढाकारानं. ही तरुण मुलं त्यांच्याच अंगणात वाढली होती. म्हणून तर पेच मोठा. नाटक सोडायचं, की ज्या घरात नाटक शिकलो ते घर सोडायचं?

त्यांनी घर सोडलं. २७ मार्च १९७३ रोजी ‘थिएटर अकादमी’ ही नवी संस्था स्थापन झाली आणि १९७४च्या जानेवारीत ‘घाशीराम’ पुन्हा उभं राहिलं.

यातल्या बऱ्याच जणांचा पोटापाण्याचा उद्योग वेगळाच होता. जब्बार पटेल मुलांचे डॉक्टर, दौंडला दवाखाना चालवत. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. नाटककार सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचं काम करत. कुणालाही नाटकातून बंगला बांधायचा नव्हता. त्यामुळेच आळेकरांचं ‘महानिर्वाण’ (१९७४), ‘बेगम बर्वे’ (१९७९) अशी चाकोरीबाहेरची नाटकं करण्याची छाती या संस्थेला झाली. तिकिटं खपतील का, या चिंतेनं धंदेवाईक मंडळी अशा नाटकांच्या वाटेला सहसा जात नाहीत. १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’सुद्धा यांनीच केलं. १९८० साली ‘घाशीराम’ युरोपच्या दौऱ्यावर निघालं तेव्हा पुन्हा विरोध झाला, पण भिंत परदेशी जाऊन आली!

आता खास तुमची गोष्ट. जर्मनीत बर्लिनला ‘ग्रिप्स’ नावाचं मुलांचं थिएटर आहे. ‘ग्रिप्स’ म्हणजे चलाख डोकं. तिथल्या नाटकांत पऱ्या नसतात आणि राक्षसही नसतात. असतात ती शेजारची मुलं, त्यांचे आई-बाबा, घरमालक, शाळा, भांडणं आणि भरपूर गाणी. मुलांची कामं मोठी माणसं करतात. थिएटर अकादमीनं १९८६ साली ही पद्धत पुण्यात आणली. मोहन आगाश्यांनी त्यासाठी पुढाकार घेतला, श्रीरंग गोडबोले यांनी मराठी रूपांतर केलं. चांगले मिशा फुटलेले नट सात-आठ वर्षांची मुलं झाले! त्यासाठी बोबडं बोलून भागत नाही. मूल रुसतं कसं, खोटं बोलताना नजर कुठे वळवतं, हे खऱ्या मुलांकडे पाहूनच शिकावं लागतं.

त्या पहिल्या नाटकाचं नाव होतं ‘छान छोटे वाईट मोठे’. नाटक कुणाच्या बाजूचं, ते ओळखलंत ना? आई-बाबांना हे नाव जरा सांभाळूनच सांगा.