दंतचक्रांचा ध्वनी आणि वंगणाची परीक्षा

गूळ हंगामात यांत्रिक चरक दिवसाचे अनेक तास अखंड चालतो. अशा वेळी त्याची दंतचक्रे बिघडली, तर नुकसान केवळ दात्यांच्या किमतीपुरते राहत नाही. तोडून आणलेला ऊस खोळंबतो, त्यातील साखर घटू लागते आणि गुळाची प्रत उतरते. दात्यांची झीज पुष्कळदा वंगणाच्या दोषामुळे होते. हा दोष दाते खराब होण्यापूर्वी ओळखता येईल काय, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

दोन दाते एकमेकांवर दाबले जात असता त्यांच्यामध्ये तेलाचा अत्यंत पातळ थर असतो. त्याची जाडी पुष्कळदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरते. डोळ्यास गुळगुळीत दिसणाऱ्या पोलादावर सूक्ष्म उंचवटे असतातच. थर पुरेसा असेतोवर ते परस्परांस शिवत नाहीत. थर विरळ झाला, की उंचवटे एकमेकांवर घासतात आणि प्रत्येक घर्षणासरशी धातूतून एक क्षीण लहर निघते. अशा लहरी मोजताना दर सेकंदास साधारणतः 1 लाख ते 10 लाख कंपनांचा पट्टा पाहतात. मनुष्याच्या कानाची मर्यादा 20 हजार कंपनांची आहे.

आपणांस ऐकू येणारी घरघर निराळी. 20 दात्यांचे चक्र मिनिटास 300 फेरे घेत असेल, तर दर सेकंदास 100 दाते जुळतात व तोच सूर उमटतो. हा यंत्राचा स्वाभाविक सूर होय. अनुभवी कारागीर गिअरच्या पेटीस लोखंडी सळई टेकवून तिचे दुसरे टोक कानाशी धरतात व सुरात मिसळलेली किरकिर ओळखतात. ही रीत टाकाऊ नव्हे. परंतु कानास फरक जाणवेपर्यंत दात्यांना बहुधा इजा पोहोचलेली असते.

ताण पडलेल्या धातूतून ध्वनी निघतो, याचा पद्धतशीर अभ्यास योझेफ कायझर यांनी जर्मनीतील म्युनिक येथे 1950 साली प्रबंधरूपाने मांडला. पुढे इंग्लंडमधील क्रॅनफील्ड विद्यापीठात सरळ दात्यांच्या चक्रांवर प्रयोग झाले. ध्वनीचा मुख्य उगम दात्यांवरील उंचवट्यांच्या स्पर्शात आहे, असा निष्कर्ष 2005 साली प्रसिद्ध झाला. भार बदलल्याने ध्वनीत पडणारा फरक थोडा होता. गती बदलल्याने पडणारा फरक मोठा होता. तेल तापून पातळ होते तसा ध्वनीही बदलतो.

यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते. सकाळी थंड यंत्राचा घेतलेला आकडा दुपारच्या तापलेल्या यंत्राशी ताडून पाहणे व्यर्थ आहे. नवे तेल भरल्यावर, यंत्र तासभर चालून पेटीची उष्णता स्थिर झाली म्हणजे, नेहमीच्या गतीवर पहिली नोंद करावी व पुढील नोंदी त्याच गतीवर, त्याच उष्णतेवर, पेटीवरील त्याच जागी घ्याव्यात. जागा बदलली तर तुलना फसते, कारण प्रत्येक सांध्यातून जाताना लहर दुर्बळ होते.

ध्वनी टिपण्यासाठी दाब पडताच वीज निर्माण करणारा स्फटिक वापरतात. सुमारे 40 हजार कंपनांचा ध्वनी कानास ऐकू येईल असा करून देणारी हातातील उपकरणेही मिळतात. एकट्या गुऱ्हाळ मालकाने असा खर्च करावा, असे आम्ही म्हणणार नाही. साखर कारखाना किंवा अनेकांची यंत्रे दुरुस्त करणारी सहकारी कार्यशाळा यांना मात्र तो परवडावा.

ध्वनी वाढला एवढ्यावरून कारण कळत नाही. यंत्र थांबवून तेलाची पातळी पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी वा उसाचा रस शिरला आहे असे समजून ते बदलावे. वर नवे तेल ओतून भागत नाही. बोटांवर खर लागल्यास धूळ किंवा लोखंडाचा कीस असण्याचा संभव आहे. जुने तेल कोमट असतानाच काढावे, म्हणजे तळचा गाळही त्याबरोबर निघून येतो. उघड्या दंतचक्रांजवळ, ती फिरत असता, सळई किंवा उपकरण कदापि नेऊ नये. धोतराचा सोगा व उपरणे यांचीही तेथे सावधगिरी बाळगावी.