रिमोटच्या गाडीचा तुटलेला अँटेना: जोडणं आणि दुरुस्त करणं

आजचा विषय दिसायला फार छोटा आहे. रेडिओवर चालणारी गाडी, म्हणजे आपण जिला रिमोटची गाडी म्हणतो, तिच्यातली अँटेनाची तार तुटली तर काय करायचं? तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं हा विषय का घ्यावा, असं काहींना वाटेल. त्याचं कारण असं, की तार जोडली म्हणजे दुरुस्ती झाली, असं आपण धरून चालतो. अँटेनाच्या बाबतीत ते खरं नाही, आणि का खरं नाही हे समजून घेण्यासारखं आहे.

घरातल्या दिव्याची तार घ्या. ती दोन मीटरची असो की तीन, दिवा तसाच लागतो. तिचं काम वीज इथून तिथे पोहोचवण्याचं. आता अँटेनाची तार बघा. तिचं एक टोक रिसीव्हरला जोडलेलं असतं आणि दुसरं टोक कुठेच जोडलेलं नसतं! ते मोकळंच सोडलेलं असतं. ही तार काही पोहोचवत नाही, ती हवेतली लहर पकडते. आणि कोणती लहर नीट पकडायची, हे तिच्या लांबीवर ठरतं.

थोडा हिशोब करू. रेडिओलहरी सेकंदाला ३० कोटी मीटर जातात. जुन्या गाड्या आणि पुष्कळशी खेळणी २७ मेगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे सेकंदाला २ कोटी ७० लाख आंदोलनं. भागाकार केला की एका लहरीची लांबी सुमारे ११ मीटर येते. साध्या तारेच्या अँटेनाला तिचा चौथा हिस्सा सोयीचा, म्हणजे पावणेतीन मीटर. एवढी तार छोट्या गाडीवर कशी लावणार? म्हणून तार आखूड ठेवतात, हौशी लोकांच्या गाड्यांत साधारण अर्धा मीटर, आणि उरलेली तूट रिसीव्हरमधल्या एका छोट्या कॉइलनं भरून काढतात. ती कॉइल त्या ठरावीक लांबीशी जुळवलेली असते. म्हणून तार लोंबते आहे, कापून टाकू, असं करायचं नाही. आणि लांब केली तर जास्त पकडेल, असंही नाही.

न्यायवैशेषिकांकडे अवयव आणि अवयवी यांची चर्चा आहे. कापडातला एक धागा काढला तर जुनं कापड नष्ट झालं आणि नवं निर्माण झालं, असं ते म्हणतात. बौद्धांना हा वेगळा ‘अवयवी’च मान्य नाही. वाद मोठा आहे, आज त्यात शिरत नाही. पण रेडिओची लहर यातलं काहीच विचारत नाही. तार जुनी की नवी, एक की दोन तुकड्यांची, हे तिला ठाऊक नाही. ती पाहते ती लांबी आणि सलगपणा.

म्हणून पहिली पायरी पक्कड हातात घ्यायची नाही, मोजपट्टी घ्यायची. गाडीवर उरलेला तुकडा मोजा, तुटून पडलेला मिळाला तर तोही मोजा, आणि बेरीज लिहून ठेवा. मग दोन्ही टोकांचं प्लॅस्टिक पाच-सहा मिलीमीटर सोला, तांब्याचे केस एकमेकांत पिळा आणि सोल्डर करा. हीट श्रिंक नळी वापरणार असाल तर ती जोडण्याआधीच तारेत ओवून ठेवा, नंतर ती चढवता येत नाही. सोलण्या-पिळण्यात गेलेले मिलीमीटर अर्ध्या मीटरपुढे किरकोळ आहेत. हातभर तुकडा हरवला असेल, तर मात्र तेवढीच दुसरी तार जोडा.

नुसतं पिळून वर टेप गुंडाळला तर चालत नाही का? चालतं, आणि तिथेच खरी अडचण आहे. तांबं काळवंडतं, गाडी हादरते, सांधा कधी लागतो, कधी सुटतो. पूर्ण तुटलेली तार निदान लपवाछपवी करत नाही. असा सांधा घरात चालतो आणि रस्त्यावर दगा देतो.

आणखी एक गोष्ट. सोल्डर शोषलेली तार ताठ होते आणि पुढच्या वेळी सांध्याच्या शेजारीच तुटते. म्हणून तार जिथून बाहेर येते तिथे आतल्या बाजूनं एक सैल गाठ मारा, म्हणजे ओढ सर्किटपर्यंत जाणार नाही. तार मोटरपासून दूर ठेवा आणि तिचं वेटोळं करू नका.

आजच्या बहुतेक हौशी गाड्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तिथे लहर साडेबारा सेंटिमीटरची आणि चौथा हिस्सा फक्त ३१ मिलीमीटर. बऱ्याच रिसीव्हरना जेमतेम मिलीमीटरभर जाडीची कोअॅक्सियल केबल असते: मध्ये तार, भोवती प्लॅस्टिक, त्यावर धातूची जाळी. जाळी काढून उघडं ठेवलेलं टोक, तेवढाच खरा अँटेना. बाकीची केबल नुसती वाहक. टोक तुटलं असेल तर मागची जाळी हलक्या हातानं सोलून पुन्हा ३१ मिलीमीटर उघडं करा, मधल्या तारेला ब्लेड लागू देऊ नका. केबल थोडी आखूड झाली तरी बिघडत नाही. मधूनच तुटली असेल, तर पिळून जोडू नका. जाळी सलग राहत नाही. अख्खी केबल बदलणं बरं.

आता शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं. दोन-तीन किलोची गाडी ताशी ४०-५० किलोमीटरनं धावू शकते. मैदानात लहान मुलं असतात. म्हणून आधी चाकं वर उचलून धरा आणि रिमोट बंद करून बघा: मोटर थांबते का? नव्या रिसीव्हरमध्ये बहुधा ही सोय असते, जुन्यांत बहुधा नसते. मग गाडी कोणाला तरी धरायला सांगा, आणि रिमोट घेऊन पावलं मोजत लांब जा. चाकं आज्ञेबाहेर थरथरली की थांबा. नेहमी जेवढ्या अंतरावर गाडी चालवता, त्याच्या बऱ्याच पुढेपर्यंत ती नीट ऐकली पाहिजे.

तेवढं जमलं तरच दुरुस्ती झाली म्हणायचं. तार जोडलेली दिसणं हा दुरुस्तीचा पुरावा नाही. वस्तू तिचं काम पुन्हा करते आहे का, हाच पुरावा. आता तुमचे प्रश्न घेऊ या.