सहयात्री आजारी पडला तर

हिंगोलीहून शिखरजीची यात्रा ठरते, तिकिटे निघतात आणि निघण्याच्या तोंडावर सोबत्याला ताप भरतो. ‘गाडीत बसल्यावर बरे वाटेल’ हा दिलासा अशा वेळी घातक ठरतो. सुमारे २७ किलोमीटरची पर्वतवंदना आजारी देहाला झेपत नाही. निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. गाडी सुटण्याच्या २४ तास आधी अर्ज केल्यास रेल्वेचे निश्चित तिकीट आई-वडील, भावंडे, पती-पत्नी वा मुलांच्या नावे करता येते. मात्र रुग्णाजवळ दुसरे कोणी नसेल, तर थांबणेच श्रेयस्कर. तत्त्वार्थसूत्रात वैयावृत्त्य हे आभ्यंतर तप आहे. त्यातील दहा सेवापात्रांत ‘ग्लान’, म्हणजे रुग्ण साधूही आहे. तोच सेवाभाव घरच्या रुग्णाला का नाकारावा? मल्लिनाथ प्रभूंचे निर्वाण शिखरजीवर झाले. तोवर शिरड शहापूरला त्यांचे दर्शन घ्यावे.