दही वेगळं ठेवा

नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याकडे निघालं की पासष्टएक किलोमीटरवर सातमाळ्याच्या डोंगरांच्या कुशीत चांदवड लागतं. होळकरांचा रंगमहाल, महामार्गालगतची रेणुकामाता, डोंगरावरचा किल्ला आणि पुढे मालेगावच्या वाटेवर राहुडचा घाट. इथून मनमाड पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. ट्रक, एसटी, शिर्डी-वणीच्या गाड्या, कांद्याचे ट्रॅक्टर, सगळे याच रस्त्यावर. त्यामुळे खायची सोयही याच रस्त्याला, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत.

दूध, दही, तूप, लोणी, अंडं, मध यांतलं काहीही न खाणाऱ्या माणसाने या रस्त्यावर ‘व्हीगन’ अशी पाटी शोधत बसू नये. मुंबई-पुण्यात अशा पाट्या आता दिसतात, तिथे बदामाच्या दुधाची कॉफी मिळते, काजूचं चीज मिळतं आणि बिलही तसंच येतं. चांदवडच्या पट्ट्यात वनस्पतीजन्य जेवणाची सोय त्याहून जुनी आहे, स्वस्त आहे आणि माझ्या मते चवीलाही सरस आहे. ती दोन ठिकाणी मिळते. एक म्हणजे पावाची बेकरी आणि दुसरं मिसळीचं हॉटेल. हा परिचय त्या दोघांचा.

बेकरीपासून सुरुवात करू, कारण दिवस तिथूनच सुरू होतो. लादीपावाला लागतं काय? मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, चिमूटभर साखर आणि थोडं तेल. दूध घालायचं म्हटलं तर पावाची किंमतच परवडत नाही, म्हणून रोजच्या पावात ते सहसा नसतंच. रात्री कणीक मळली जाते, गोळे पत्र्याच्या ट्रेमध्ये एकमेकांना खेटून मांडले जातात, फुगून आले की भट्टीत जातात. खेटून मांडल्यामुळेच त्यांच्या बाजू पांढऱ्या, मऊ राहतात आणि फक्त डोकं तांबूस होतं. पहाटे लाद्या मोटारसायकलला बांधून हॉटेलांकडे निघतात. हा पाव गोव्यात पोर्तुगीजांनी आणला. तिथले पोदेर पीठ आंबवायला माडाची सुर वापरत. तिथून मुंबईमार्गे तो घाट चढून देशावर आला आणि वाटेत त्याला कुठेही दुधाची गरज पडली नाही.

विचारायचं एवढंच, की वरची चकाकी कशाची. बहुतेक ठिकाणी पाव भट्टीतून निघाल्यावर त्यावर तेलाचा हात फिरवतात, कुठे दुधाचा फिरवतात. बेकरीवाल्याला सरळ विचारलं तर तो सरळ सांगतो. त्याला त्यात लपवण्यासारखं काही नसतं.

बेकरीतल्या बाकीच्या मालाकडे मात्र डोळे उघडे ठेवून पाहावं लागतं. खारी हा या बाबतीत सुखद धक्का आहे. मैद्याच्या पोळीवर वनस्पती तूप फासायचं, घडी घालायची, लाटायची, पुन्हा घडी, पुन्हा लाटणं. भट्टीच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि पदर सुटे होतात. वनस्पती तूप म्हणजे घट्ट केलेलं वनस्पती तेल. दुधाशी त्याचा संबंध नाही. जिरा बटर नावाचा कडक गोल बनही साधारण याच कुळातला, त्यात लोणी क्वचितच असतं. नानकटाईचंही तेच, पण तिथे ‘साजूक तुपातली’ अशी पाटी असेल तर पुढे सरकावं. टोस्टमध्ये कधी दुधाची पावडर असते, कधी नसते, म्हणून विचारावं. केकच्या काचेवर ‘अंडेविरहित’ लिहिलेलं असतं, त्याने मात्र फसू नये. अंडं काढलं की त्याची जागा बहुतेक वेळा आटवलेलं दूध किंवा दही घेतं. अंडं न खाणाऱ्यासाठी ती पाटी उपयोगी आहे, दूध न खाणाऱ्यासाठी नाही. पुड्यातल्या बिस्किटांच्या मागे घटकांची यादी असते. साध्यातल्या साध्या ग्लुकोज बिस्किटातही दुधाचे घन पदार्थ निघतात.

वनस्पती तुपाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. प्राण्यांना त्रास न देता बनलेला पदार्थ आपोआप आपल्या हृदयाच्या हिताचा ठरत नाही. अर्धवट घट्ट केलेल्या तेलांत ट्रान्स फॅट तयार होतं आणि ते रक्तवाहिन्यांना घातक आहे. म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेल-तुपातलं त्याचं प्रमाण आधी ३ टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणलं. पाव रोज खाल्ला तरी चालेल, खारी अधूनमधून बरी.

आता मिसळ. नाशिक जिल्ह्यात मिसळीवर जेवढा जीव आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या पदार्थावर असेल. रविवारी सकाळी अख्खी कुटुंबं गाड्या काढून मिसळ खायला जातात. नाशिकमध्ये सातपूरची श्यामसुंदर, शेताच्या मोकळ्या वातावरणातली साधनाची चुलीवरची मिसळ ही नावं बाहेरगावच्या माणसालाही माहीत असतात. चांदवडच्या बाजूची हॉटेलं एवढी गाजलेली नाहीत, पण घडण तीच. मटकी रात्रभर भिजते, मग फडक्यात बांधून मोड आणतात. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजतात, आलं-लसणाबरोबर वाटतात. त्यात काळा मसाला पडतो. धणे, खोबरं, लवंग, दालचिनी, दगडफूल भाजून कुटलेला तो मसाला हीच नाशिक-खानदेशच्या रश्श्याची ओळख. तेलात हे सगळं बराच वेळ परतलं की तर्री वर येते. ताटलीत खाली मटकी, वर चिवडा-फरसाण-शेव, त्यावर रस्सा, बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड. शेजारी पाव आणि पापड. रस्सा संपला की वाढपी पुन्हा येतो.

या संपूर्ण ताटात प्राण्यापासून आलेली वस्तू एकच असते, दह्याची वाटी. ती बाजूला ठेवली की उरतं ते पोटभर जेवण. कडधान्य आणि गहू एकत्र आले की एकाच्या प्रथिनात जे कमी असतं ते दुसरं भरून काढतं. मोड आणल्याने मटकी पचायला हलकी होते. लिंबामुळे कडधान्यातलं लोह शरीराला अधिक मिळतं. हे कोणी आहारतज्ज्ञाने बसून आखलेलं नाही. मिसळवाल्यांच्या हाताने ते पिढ्यान्‌पिढ्या जमत आलं आहे, आणि त्याबद्दल त्यांना जेवढं श्रेय मिळायला हवं तेवढं मिळत नाही.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी काही ठिकाणी जैन मिसळही मिळते. चांदवडला तिची मागणी साहजिक आहे. श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम ही संस्था इथे १९२८ साली सुरू झाली, आणि आज तिच्या शाळा-महाविद्यालयांमुळे गावाला विद्यानगरीचं रूप आलं आहे. जैन आहारात कंदमुळं वर्ज्य, पण दूध चालतं. म्हणजे जैन पदार्थ मागितला म्हणून दूध टळेल असं धरून चालू नये. दोन्ही नियम वेगळे आहेत.

दुपारी आणि रात्री ढाब्यांचं राज्य. इथून खानदेशाची चव सुरू होते आणि तिचा राजा म्हणजे शेवभाजी. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा, त्यात ऐन वेळी टाकलेली जाड तिखट शेव. दूध-दह्याचा थेंब नाही. पाटोडीचा रस्सा, वांग्याचं भरीत, ठेचा, बाजरीची किंवा कळण्याची भाकरी, सगळं याच रांगेतलं. अडचण होते ती पंजाबी पानावर. पनीर तर दिसतंच, पण काजू-ग्रेव्हीत मलाई, नानच्या पिठात दही-दूध, डाळीच्या फोडणीत लोणी हे दिसत नाही. रोटीवर लोण्याचा ब्रश सवयीने फिरतो. ‘रोटी प्लेन, बटर नको, फोडणी तेलाची’ एवढी तीन वाक्यं ऑर्डर देतानाच म्हणावीत, ताट आल्यावर नव्हे. चहा मागताना कोरा म्हणावं. उन्हाळ्यात रसवंतीवर लिंबू-आलं घातलेला उसाचा रस ताकाची उणीव भासू देत नाही.

या भागातलं साधं जेवण दुधाविना का उभं राहिलं, याचं उत्तर जमिनीत आहे. चांदवड अवर्षणाचा तालुका. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो आणि इथवर येईपर्यंत ढग रिकामे होतात. अशा रानात कमी पाण्यावर बाजरी येते, तिच्यात मटकी येते, भुईमूग येतो, कांदा येतो. गोठ्यात जनावर असलंच तर त्याचं दूध डेअरीला जातं, कारण रोख पैसा तिथून येतो. १९७० साली सुरू झालेल्या दुग्धक्रांतीने शेतकऱ्याला दुधाचा हमखास बाजार दिला, पण त्याचबरोबर घरातलं दूध घराबाहेर न्यायची वाटही पक्की केली. रानात कामाला जाणाऱ्या बाईच्या फडक्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा. दूध-तूप सणाला. तत्त्व म्हणून नव्हे, ऐपत नव्हती म्हणून. तरीही त्या टंचाईतून जी पाककला उभी राहिली तिचं मोल कमी होत नाही.

नोव्हेंबर १९८६ मध्ये याच चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने बोलावलेल्या त्या अधिवेशनाला गावोगावहून आलेल्या बायांची संख्या लाखांत मोजली गेली. ज्या पुस्तिकेने त्या अधिवेशनाचा विचार घरोघरी नेला तिचं नाव ‘चांदवडची शिदोरी’. शेतीत राबणाऱ्या बाईच्या घामाची नोंद कुठेच होत नाही, हा तिथला मुद्दा. मला वाटतं तिच्या स्वयंपाकाचीही नोंद तितकीच राहून गेली. कमी पाण्याच्या, कमी पैशांच्या घरात कडधान्य, तेलबिया आणि भरड धान्य यांतून चवदार, ताकद देणारं जेवण रोज उभं करणं हे शहरातल्या कुठल्याही व्हीगन शेफच्या कामाइतकं कौशल्याचं आहे. महामार्गावरच्या ढाब्याने ते तिच्याकडूनच उचललं.

जगात या आहाराला संस्थेचं रूप मिळालं १९४४ साली, इंग्लंडात, डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी व्हीगन सोसायटी काढली तेव्हा. भारतात सरकारने २०२२ साली व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आणलं. त्याआधी कितीतरी वर्षं गांधीजींनी हा प्रश्न स्वतःच्या अंगावर घेतला होता. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडलं. पुढे मोठ्या दुखण्यात शेळीचं दूध घ्यावं लागलं, त्याची खंत त्यांच्या आत्मकथेत आहे. आज त्यांच्यासारखी कोंडी व्हायचं कारण नाही. दूध-अंडी सोडणाऱ्याला खरी टंचाई पडते ती ब-१२ जीवनसत्त्वाची. ते वेगळं काढता आलं १९४८ साली, आणि आता त्याची गोळी तालुक्याच्या औषध दुकानातही मिळते. मिसळ, भाकरी, शेवभाजी कितीही खाल्ली तरी ब-१२ मिळणार नाही. ती गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावीच, त्यात हेळसांड करू नये. कॅल्शियमसाठी तीळ, नाचणी, राजगिरा आपल्याकडे आहेतच.

चांदवडला नवरात्रात यावं. रेणुकामातेला गर्दी लोटते, वणीच्या गडाकडे जाणारे भाविक थांबतात आणि हॉटेलांत उपवासाचे पदार्थ लागतात. भगर आणि शेंगदाण्याची आमटी हे त्यातलं मला सर्वांत प्रिय ताट. नाशिक हे भगरीच्या गिरण्यांचं मोठं केंद्र, आणि सुरगाणा-पेठच्या डोंगरउतारांवर वरई पिकते. आमटी भाजलेल्या दाण्यांच्या कुटाची, हिरवी मिरची, जिरं, थोडी कोकमं. फोडणी शेंगदाणा तेलाची घाला म्हटलं की झालं. साबुदाण्याची खिचडीही तशीच करून मिळते, फक्त वरचं दही नको म्हणावं लागतं. उपवासाच्या दिवसांत स्वयंपाकी ‘काय चालतं, काय चालत नाही’ हे प्रश्न ऐकायला सरावलेला असतो, त्यामुळे दुधाबद्दल विचारलं तर कोणी वेगळ्या नजरेने पाहत नाही. तुमचा तसाच नेम असेल, असं समजून तो मान देतो.

काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मिसळीची हॉटेलं मोठी झाली, बागा झाल्या, घसरगुंड्या आल्या, आणि ताटात चीज आलं. चीज मिसळ, बटर लावून भाजलेला पाव, शेवटी गुलाबजाम. गिऱ्हाईक मागतं म्हणून मालक देतो, त्यात त्याचा दोष नाही. पण लोणी-चीज म्हणजे भारी आणि साधी मिसळ म्हणजे गरिबाची, ही उतरंड एकदा पक्की झाली की दही-लोण्याशिवायचं ताट मागणाऱ्यालाच कारण द्यावं लागेल. ते होऊ नये. यावर उपाय अगदी छोटा आहे आणि त्याला खर्चही नाही. दरफलकावर मिसळीखाली ‘दही स्वतंत्र’ अशी एक ओळ लिहावी, पाव लोण्याचा की कोरा हे वाढप्याने ताट मांडण्याआधी विचारावं, आणि बेकरीवाल्याने पावाच्या ट्रेवर ‘तेलाचा हात’ की ‘दुधाचा’ एवढं खडूने लिहून ठेवावं. चांदवडच्या बाजारात कांद्याची प्रत ढिगाढिगावर सांगितली जाते, तशी ही माहितीही सहज देता येईल.