परवाना देणारी खिडकी

अमेरिकेत झालेल्या मराठी लग्नाची चित्रफीत पाहिली, तर तिच्यात सगळे काही असते. अंतरपाट असतो, मंगलाष्टके असतात, मुंडावळ्या असतात आणि हॉटेलवाल्यांच्या आगीच्या नियमांना सांभाळून पेटवलेला लहानसा होमही असतो. ज्या कामामुळे ते लग्न कायद्यापुढे उभे राहते, ते मात्र चित्रफितीत नसते. ते काही दिवस आधी, कामाच्या वारी, एका सरकारी कचेरीच्या खिडकीवर उरकलेले असते. वधू-वर तिथे जातात, पासपोर्ट किंवा तसाच ओळखीचा कागद दाखवतात. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आईवडिलांची नावे, आधी लग्न झाले असल्यास ते केव्हा आणि कसे संपले, हे सारे सांगतात. दिलेली माहिती खरी असल्याची शपथ घेतात, शुल्क भरतात आणि एक कागद घेऊन बाहेर पडतात. हा विवाहाचा परवाना. पुष्कळ जण त्यालाच लग्नाचा दाखला समजतात. पण या दोघांचे लग्न लावायला हरकत नाही, एवढेच तो सांगतो.

आपल्याकडे पारंपरिक हिंदू लग्नाचा क्रम उलटा आहे. विधी झाला की लग्न झाले. नोंदणी मागाहून होते आणि निव्वळ नोंदणी राहिली म्हणून लग्न रद्द ठरत नाही. अमेरिकेत परवानगी आधी, विधी मग आणि नोंद शेवटी. (पुण्यात किंवा नागपुरात रीतसर लग्न करून तिकडे गेलेल्यांना या परवान्याची गरज नसते, इथला दाखला तिथे चालतो.)

लग्नाचा कायदा तिथे राज्याचा, पण परवाना देण्याचे काम बहुतेक ठिकाणी काउंटीचे. काउंटी म्हणजे ढोबळ मानाने आपला जिल्हा. अशा ३,००० हून अधिक काउंट्या त्या देशात आहेत. परवाना देणारा अधिकारी म्हणजे काउंटी क्लार्क. 'क्लार्क' या शब्दाने आपण फसतो, डोळ्यांपुढे फायलींमागचा कारकून येतो. प्रत्यक्षात अनेक राज्यांत हे पद निवडणुकीने भरले जाते आणि त्या माणसाला मतदारांकडे पुन्हा जायचे असते. हे ध्यानात ठेवावे, पुढच्या हकिकतीत ते महत्त्वाचे आहे. सगळीकडे काउंटी क्लार्कच असतो असेही नाही. वॉशिंग्टन राज्यात हे काम काउंटीचा ऑडिटर करतो. मराठी वस्ती बरीच असलेल्या न्यू जर्सीत तर काउंटीचा संबंधच नाही, तिथे नगरपालिकेच्या रजिस्ट्रारकडे अर्ज करावा लागतो आणि सोबत एक सज्ञान साक्षीदार न्यावा लागतो.

नियमांची तऱ्हाही राज्यागणिक वेगळी. न्यू जर्सीत अर्जानंतर ७२ तास थांबावे लागते. टेक्सासमध्ये परवाना लगेच हातात मिळतो, पण लग्न ७२ तासांनंतरच लावता येते. न्यूयॉर्कमध्ये २४ तास, कॅलिफोर्नियात मुळीच थांबणे नाही. परवान्याला मुदतही असते : न्यूयॉर्कमध्ये ६० दिवस, कॅलिफोर्नियात ९०. लास व्हेगास ज्या क्लार्क काउंटीत येते, तिथली कचेरी वर्षाचे सगळे दिवस सकाळी आठपासून मध्यरात्रीपर्यंत उघडी असते. त्या शहराच्या झटपट लग्नांचे गुपित बरेचसे या वेळापत्रकात आहे.

परवाना घेतल्यावर लग्न लावायचे आणि लावणाऱ्याने त्यावर सही करून तो मुदतीत कचेरीत परत पाठवायचा. आठवडाभर संगणकापुढे बसणारे आणि शनिवारी सोवळे नेसणारे आपले गुरुजी तिथे सरकारी कागदावर सही करणारे अधिकृत गृहस्थ ठरतात. व्हर्जिनियासारख्या राज्यात त्यासाठी त्यांना आधी न्यायालयातून अधिकारपत्र घ्यावे लागते. कागद परत गेला की नोंद होते आणि मग प्रमाणित प्रत मिळते. नाव बदलणे, विमा, ग्रीन कार्डाचा अर्ज या सगळ्यांना ही प्रत लागते. कागद गुरुजींच्या पिशवीतच राहिला, तर लग्न थाटात होऊनही दाखवायला काही उरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोन सज्ञान माणसांना लग्नासाठी सरकारकडून परवाना का घ्यावा लागतो?

परवान्याचे मूळ इंग्लंडच्या चर्चमध्ये आहे आणि ते मोठे गमतीचे आहे. तिथे लग्नाआधी सलग तीन रविवारी वधू-वरांची नावे चर्चमध्ये जाहीर वाचत, म्हणजे कुणाची हरकत असेल तर त्याने उठून सांगावे. वसई-गोव्याकडच्या कॅथलिक वाचकांना ही प्रथा सांगायला नको. ज्यांना ही जाहिरात नको असे आणि ज्यांच्या गाठीला पैसा असे, ते बिशपकडून लायसन्स घेत. म्हणजे परवाना जन्माला आला तो चारचौघांत नावे वाचली जाण्यापासून सुटका म्हणून. १७५३ च्या हार्डविक कायद्याने या दोन्ही वाटा पक्क्या केल्या. अमेरिकेतल्या वसाहतींत बिशप नव्हते, त्यामुळे व्हर्जिनियासारख्या ठिकाणी हे काम काउंटीच्या क्लार्ककडे आले. वर आणि एक जामीन यांनी लग्नात कायदेशीर अडथळा नसल्याचा बाँड लिहून द्यायचा आणि परवाना घ्यायचा. अब्राहम लिंकन यांनी इलिनॉयमधल्या सँगमन काउंटीतून परवाना घेतला तो ४ नोव्हेंबर १८४२ रोजी, आणि त्यांचे लग्नही त्याच दिवशी झाले.

इंग्रजांच्या त्या दोन वाटांपैकी जाहिरातीची वाट भारतात आली. १८७२ च्या विवाह कायद्यात १४ दिवसांच्या नोटिशीची अट होती. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ती ३० दिवसांवर नेली. नोटीस कचेरीत ठळक जागी लावायची, नोंदवही कुणालाही फुकट पाहू द्यायची, आणि कुणालाही हरकत घेण्याची मुभा द्यायची. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्न करणाऱ्यांना हे ३० दिवस काय असतात, हे इथे उलगडून सांगायची गरज नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर सोडले. कायद्याचे कलम मात्र तसेच आहे. अमेरिकेतल्या खिडकीवर हरकती मागवत नाहीत. कॅलिफोर्नियात तर, जोडपे आधीच एकत्र राहत असेल, तर गोपनीय परवाना मिळतो : त्याला साक्षीदार लागत नाही आणि त्याची नोंद इतरांना पाहता येत नाही.

हे ऐकून हेवा वाटेल, पण घाई करू नये. जिथे हरकत घेणारा समाज नसतो, तिथे हरकत घेणारा एकच माणूस उरतो, तो खिडकीमागचा.

कॅलिफोर्नियाचेच पाहू. गोऱ्या व्यक्तीचे कृष्णवर्णीय किंवा 'मंगोलियन' व्यक्तीशी लग्न लावण्यासाठी परवाना देऊ नये, असा तिथला कायदा क्लार्कला बजावत होता. दक्षिणेकडच्या इम्पीरियल खोऱ्यात १९१० च्या दशकात कापसाच्या शेतीवर पंजाबी माणसे आली, त्यांतले बहुतेक शीख. स्थानिक लोक मात्र सरसकट 'हिंदू' म्हणत. १९१७ च्या कायद्यानंतर गावाकडून बायका आणणे जवळपास अशक्य झाले. त्यांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली. आता हे पंजाबी कोणत्या वंशाचे? कायद्याच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. मेक्सिकन वधू कायद्याच्या हिशेबी गोरी धरली जाई. तेव्हा क्लार्क दोघांकडे पाही, त्वचेचा रंग सारखा वाटला तर दोघांपुढे 'ब्राउन' लिही आणि परवाना देई. एखाद्या क्लार्कला ते पटले नाही, तर जोडपे दुसऱ्या काउंटीत किंवा दुसऱ्या राज्यात जाई. या कुटुंबांचा अभ्यास कॅरेन लेनर्ड यांनी विस्ताराने केला आहे. मला त्यात सर्वांत विलक्षण वाटतो तो हा डोळ्यांनी केलेला निवाडा. वंशशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ लिहिले जात होते त्याच काळात प्रत्यक्ष वंश ठरत होता तो खिडकीपलीकडच्या माणसाच्या एका नजरेत.

हा कायदा मोडला तोही एका क्लार्कच्या नकारातून. आंद्रेया पेरेझ आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस यांनी लॉस एंजेलिस काउंटीत अर्ज केला. तिने स्वतःपुढे 'गोरी' लिहिले, त्याने 'निग्रो'. क्लार्क शार्प यांच्या कचेरीने परवाना नाकारला. दोघे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९४८ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी जिंकले. व्हर्जिनियात १९२४ चा कायदा याहून कडक होता. वंशाबद्दल दिलेली माहिती खोटी असल्याचा संशय आला, तर पुरावा मिळेपर्यंत परवाना अडवून ठेवावा, असे तो क्लार्कला सांगत होता. मिल्ड्रेड आणि रिचर्ड लव्हिंग यांनी म्हणूनच १९५८ मध्ये राजधानी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केले. काही आठवड्यांतच त्यांच्या काउंटीचा शेरीफ मध्यरात्री त्यांच्या घरात शिरला. भिंतीवर लावलेला विवाहाचा दाखला इथे चालत नाही, असे त्याने त्यांना सांगितले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने असे सगळे कायदे रद्द केले ते १२ जून १९६७ रोजी.

वंशाखेरीज इतर अटीही होत्या. कनेक्टिकटने १९३५ मध्ये गुप्तरोगासाठी रक्तचाचणी आवश्यक केली आणि पाठोपाठ बहुतेक राज्यांनी तेच केले. त्या अटी आता गेल्या आहेत. विस्कॉन्सिनमध्ये मुलाच्या पोटगीची बाकी असलेल्या रॉजर रेडहेल याला मिलवॉकी काउंटीच्या क्लार्कने परवाना नाकारला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही नियम काढून टाकला.

कायद्याच्या परिभाषेत क्लार्कचे काम यांत्रिक मानले जाते : अटी पुऱ्या झाल्या की परवाना द्यायचा, स्वतःचे मत मध्ये आणायचे नाही. २६ जून २०१५ रोजी समलिंगी विवाहाचा हक्क देशभर मान्य झाला, तेव्हा या तत्त्वाची परीक्षा झाली. केंटकीतल्या रोवन काउंटीच्या क्लार्क किम डेव्हिस यांनी आपल्या श्रद्धेचा हवाला देऊन कुणालाच परवाने न देण्याचा पवित्रा घेतला. न्यायालयाचा आदेश मोडल्याबद्दल सप्टेंबरमध्ये त्यांना काही दिवस तुरुंगात राहावे लागले. पुढच्या वर्षी केंटकीने परवान्यावरून क्लार्कचे नावच काढून टाकले.

वंशाचा रकाना मात्र १९६७ नंतरही चिवटपणे टिकला. व्हर्जिनियात २०१९ पर्यंत अर्जावर वंश लिहिल्याशिवाय परवाना मिळत नसे. रॉकब्रिज काउंटीत विचारणा केल्यावर मान्य वंशांची जी लांबलचक यादी हाती आली, तिच्यात 'आर्यन' आणि 'ऑक्टोरून' असे शब्द होते. ऑक्टोरून म्हणजे आठातला एक हिस्सा कृष्णवर्णीय. तीन जोडप्यांनी दावा लावला आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ही सक्ती घटनाबाह्य ठरली.

अलाबामाने त्याच वर्षी निराळा मार्ग काढला. तिथे परवाना देतो प्रोबेट जज, आणि २०१५ नंतर काही जजांनी समलिंगी जोडप्यांना द्यावा लागू नये म्हणून सगळ्यांनाच परवाने देणे थांबवले होते. २९ ऑगस्ट २०१९ पासून राज्याने परवानाच रद्द केला. आता जोडप्याने छापील विवाहपत्र भरायचे, नोटरीपुढे सह्या करायच्या आणि ३० दिवसांच्या आत कचेरीत द्यायचे. जजने ते फक्त नोंदवून घ्यायचे. कायद्याला तिथे विधीही लागत नाही. बर्मिंगहॅममध्ये एखाद्या मराठी मुलीचे लग्न असेल, तर अक्षता पडतील, सप्तपदीही होईल. पण गुरुजींनी सही करावी अशी जागा त्या कागदावर नाही.